चालती शाळा : कुरणशाळेचं रसग्रहण

१९२९ साली पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातून प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं करून एकोणीस वर्षांची एक तरुणी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शिकवायला आली. तेराव्या वर्षी, लग्नानंतर जेमतेम सहा महिन्यांत, तिला वैधव्य आलं होतं. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य बहुधा माजघरातच सरायचं. हिनं १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली, पुढे सनद मिळवली आणि १९३३ पर्यंत चांदवडच्या मुलांना शिकवलं. या शिक्षिका म्हणजे अनुताई वाघ.

चांदवडनंतर अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत गेल्या. दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्याबरोबर काम करायला त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला पोचल्या आणि पुढच्या दशकात जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर. तिथे वारली आदिवासी मुलांसाठी या दोघींनी जे उभं केलं, त्यातली सर्वांत मनोहर रचना म्हणजे कुरणशाळा. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नव्हतं, म्हणून शाळा कुरणात गेली. एवढ्याशा वाक्यात ही गोष्ट सांगून होते आणि ऐकणारा ‘वा!’ म्हणून पुढे निघतो. चांगल्या कवितेच्या वाट्यालाही हेच येतं. तिचा अर्थ चटकन कळतो, पण ती कशी बांधली आहे, तिच्यात काय गाळलं आहे, एक ओळ दुसरीला कशी पुढे नेते, हे पाहिल्याशिवाय ती आपली होत नाही. कवितेपाशी आपण जसे थांबतो, तसं या प्रयोगापाशी थांबावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे रसग्रहण पुस्तकाचं नाही, एका शैक्षणिक कृतीचं आहे.

थांबायला आजचंही कारण आहे. शाळाशाळांमधून उपक्रमांची रेलचेल आहे. प्रकल्प वह्या, तक्ते, प्रतिकृती, आनंद बाजार, परसबाग, वनराई बंधारा, क्षेत्रभेट असं खूप काही चालू असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या काळात मुलांना दहा दिवस दप्तराविना मिळावेत, असं सुचवलं आहे. मुलांच्या हाताला काम मिळतं आहे ही आनंदाचीच गोष्ट. पण कोणता उपक्रम मुलाच्या आत काही रुजवतो आणि कोणता फक्त पार पडतो, हे ओळखण्यासाठी कसोटी लागते. अशी कसोटी कुरणशाळेत आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत, मुंबई–आग्रा रस्त्यावर वसलेलं चांदवड हे इतिहासानं भरलेलं गाव. होळकरांचा रंगमहाल इथे आहे, डोंगरात रेणुकामातेचं देऊळ आहे, वर किल्ला आहे. या गावाला टांकसाळ होती आणि तिथला रुपया ‘चांदवडी’ म्हणून ओळखला जाई. शिक्षणाची ओढही गावात जागी होत होती. अनुताई येण्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, इथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला होता. मात्र त्या काळच्या प्राथमिक शाळेचा साचा सगळीकडे सारखाच होता. पाटी, पेन्सिल, बाराखडी, पाढे, संध्याकाळी परवचा. मूल हललं की शिस्त मोडली. गावात एके काळी टांकसाळ होती, पण नाण्याच्या हिशेबाचं गणित पुस्तकातूनच यायचं. डोंगर खिडकीतून दिसायचा, पण तो पाठात नसे. मूल घरून येताना डोळ्यांनी आणि हातांनी जे गोळा करून आणायचं, ते शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवूनच त्याला आत यावं लागे. अनुताईंनी पुढे जे घडवलं, त्यात हा उंबराच उरला नाही.

हा उंबरा पुसण्याची सुरुवात ताराबाई मोडकांकडून झाली. १९२३ मध्ये ताराबाई भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये कामगारांच्या वस्तीत पहिलं बालगृह उघडलं होतं. त्या पद्धतीचा गाभा गिजुभाई आणि ताराबाईंनी आपल्या मातीत आणला. मूल पाहून, हाताळून, स्वतः चुकून आणि स्वतः सुधारून शिकतं, हा तो गाभा. दादरची मुलं सुस्थित घरांतली होती. ज्यांना या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं दादरमध्ये भेटणार नाहीत, या विचारानं ताराबाई शहर सोडून बोर्डीला गेल्या. तिथे १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या.

इथून आपल्या रचनेची पहिली ओळ सुरू होते. केंद्र उघडलं, पण हरिजन आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. अशा वेळी शाळेचा नेहमीचा उपाय म्हणजे बोलावणं धाडणं, पालकांना समजावणं, पुन्हा बोलावणं आणि शेवटी ‘यांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ असा निष्कर्ष काढणं. ताराबाई आणि अनुताईंनी निष्कर्ष काढला नाही. त्यांनी सामान उचललं आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडलं. अंगणवाडी ती हीच. मुलाला शाळेपर्यंत यायला जे अंतर होतं ते फक्त पावलांचं नव्हतं. त्यात जात होती, कपड्यांची लाज होती, अनोळखी भिंतींची भीती होती, धाकट्या भावंडाला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. मुलाच्या अंगणात बसल्यावर यातलं बरंचसं अंतर एका सकाळीत मिटलं. पाहुणं कोण आणि यजमान कोण, हे उलटलं. शिक्षिका पाहुणी झाली आणि मूल आपल्या घरचं राहिलं.

या अंगणातल्या दिवसाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. आधी मुलांना आंघोळ, मग केस विंचरणं, नखं कापणं, नंतर गाणी, गोष्टी, खेळ. उतावळ्या वाचकाला ही प्रस्तावना वाटेल. मला तो पाठाचाच भाग वाटतो. ज्यांच्या अंगाला वरच्या जातीचा हात कधी प्रेमानं लागला नव्हता, त्या मुलांना एक शिक्षिका रोज आपल्या हातांनी न्हाऊ घालते, हे मुलांना त्यांच्या किमतीबद्दल काहीतरी सांगणारं होतं. आणि हे सांगणं हातांनी चाललं होतं. हस्तकौशल्याचं शिक्षण मुलाच्या हातांपासून सुरू होतं, असं आपण समजतो. इथे ते शिक्षिकेच्या हातांपासून सुरू झालं.

दुसरी ओळ साहित्याची आहे, आणि इथे या दोघींची प्रतिभा अधिक झळकते. माँटेसरी पद्धतीची साधनं अतिशय विचारपूर्वक घडवलेली असतात. उदाहरणार्थ, दहा लाकडी ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा. सर्वांत लहान ठोकळा एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मूल ते उतरत्या क्रमानं रचतं. क्रम चुकला तर मनोरा डोळ्यांना खटकतो आणि मूल आपणहून तो मोडून पुन्हा रचतं. चूक दाखवायला शिक्षक लागत नाही. पण ही साधनं महाग होती आणि खेड्यात मिळणारी नव्हती. अशा ठिकाणी दोन वाटा दिसतात. एक म्हणजे देणगी मिळवून साधनं आणायची आणि कपाटात जपून ठेवायची. दुसरी म्हणजे साधनांशिवाय चालवून घ्यायचं. बोर्डी–कोसबाडनं तिसरी वाट काढली. साधनामागचं तत्त्व ओळखायचं आणि ते तत्त्व भोवतालच्या कोणत्या वस्तूत आधीच आहे हे शोधायचं. मग शंख-शिंपले आले, बिया, खडे, काड्या, पानं-फुलं, माती, बांबू, गाडगी-मडकी आली.

ज्या घरात गाडग्यांची उतरंड आहे, त्या घरातल्या मुलानं गुलाबी मनोरा जन्मापासून पाहिलेला आहे. मोठं मडकं खाली आणि लहान वर, हा क्रम त्याच्या आईच्या रोजच्या कामात आहे, आणि तिथेही चूक झाली तर ती आपणच बोलते, कारण उतरंड डुगडुगते. बियांचा आकार, वजन, रंग आणि खडबडीतपणा यांवरून वर्गीकरण करताना मूल जे करतं ते रोमच्या बालगृहातल्या मुलापेक्षा कमी शास्त्रीय नाही. चिंचोका आणि सागरगोटा यांत बोटांना जाणवणारा फरक म्हणजे ज्ञानेंद्रियांचं शिक्षणच. फरक इतकाच की ही साधनं संध्याकाळी कपाटात बंद होत नाहीत. मूल घरी गेलं तरी ती त्याच्या अंगणात, ओढ्याच्या काठी, झाडाखाली पडलेली असतात. त्यामुळे शाळा सुटल्यावरही शिकणं सुटत नाही. शिवाय एक गोष्ट न बोलता घडते. ज्या वस्तू मुलाच्या घरात ‘गरिबी’ म्हणून पाहिल्या जातात, त्या बाईंच्या हातात अभ्यासाची साधनं होतात. आपल्या घरात शिकण्यासारखं काहीतरी आहे, हे मुलाला कोणी सांगावं लागत नाही.

इथवर आल्यावर तिसरी ओळ, म्हणजे कुरणशाळा, अचानक आलेली वाटत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडला हललं. हा वारल्यांचा मुलूख. ज्या १९४५ साली बोर्डीचं केंद्र सुरू झालं, त्याच वर्षी तलासरी–डहाणूच्या भागात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकाला माहीत आहे. अशा दारिद्र्यात सहा-सात वर्षांचं मूल हे कमावतं माणूस असतं. ते गुरं राखतं. त्याच्या बदल्यात घरात काही धान्य येतं. या मुलाला सकाळी अकरा ते पाच शाळेत बसवायचं म्हणजे त्या घराच्या ताटातला घास काढून घ्यायचा. अंगणातली शाळाही त्याला पुरत नव्हती, कारण दिवसा ते अंगणात नसायचंच. ते कुरणात असायचं. म्हणून फळा आणि पाट्या घेऊन शिक्षिका कुरणात गेल्या.

या रचनेत वेळापत्रक गुरांचं आहे. शाळेच्या इतिहासात घंटा ही केवढी मोठी सत्ता आहे! तास कधी सुरू होणार, मूल कधी तहानेलं असणार, कधी त्याला बोलता येणार, हे घंटा ठरवते. कुरणात गुरं चरून सावलीला आली की मुलं मोकळी होतात आणि तेव्हा शाळा भरते. एखादं वासरू भरकटलं की मूल उठून जाणार, आणि ते जाणं गैरहजेरीत मोडणार नाही. ज्या मुलावर एवढ्या जितराबाची जबाबदारी आहे, त्याला ‘जागेवर बस’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याच्या जबाबदारीला मान देऊन उरलेल्या वेळात शिकवायचं, हा या शाळेचा पहिला शिष्टाचार.

कुरणात भिंती नाहीत, म्हणून ‘आत’ आणि ‘बाहेर’ही नाही. नेहमीच्या वर्गात आपण निसर्ग उदाहरणादाखल आणतो. एखादं पान, एखादं चित्र, एखादी वर्षासहल. कुरणात निसर्ग आणावा लागत नाही. आपल्या गुरांपैकी किती सावलीत आहेत आणि किती उन्हात, या प्रश्नात बेरीज-वजाबाकी आहे. मुलाला ती करावीच लागते, कारण संध्याकाळी एक जनावर कमी भरलं तर त्याची धडगत नसते. मोजणीची गरज पुस्तकानं निर्माण केलेली नाही, ती आधीच होती. शाळेनं तिला आकड्यांचं रूप दिलं. गणिताच्या शिक्षणात यापेक्षा शुद्ध सुरुवात मला माहीत नाही.

मला सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट मात्र जाणत्याच्या जागेची आहे. कुरणात जाणतं कोण? कोणतं गवत गुरं खातात आणि कोणतं टाळतात, कोणत्या पानानं जखम भरते, साप कुठल्या वेळी कुठे असतो, पाऊस कुठून येतो, यातलं पुण्या-मुंबईच्या शिक्षिकेला काय ठाऊक असणार? तिथे तिला विचारावं लागतं आणि मुलाला सांगावं लागतं. अक्षर तिच्याकडे आहे, जंगल मुलाकडे. देवाणघेवाण खरी होते, कारण दोन्ही बाजूंकडे देण्यासारखं आहे. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि हे मुलालाही ठाऊक असतं. कुरणात शिक्षिकेचा प्रश्न खरा असतो. खऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मुलाची मान जशी वर होते, तशी परीक्षेच्या प्रश्नाला उत्तर देताना होत नाही.

इथे एक रास्त शंका येते. मुलानं गुरं राखावीत हे या शाळेनं मान्यच केलं, असं नाही का झालं? गरिबाच्या लेकराला राबू द्यायचं आणि राबता राबता दोन अक्षरं द्यायची, हा त्याच्या राबण्यावर शिक्कामोर्तब करण्याचा प्रकार नाही का? या शंकेचं उत्तर रचनेच्या चौथ्या ओळीत, विकासवाडीत आहे. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात एकमेकांना लागून चालवली गेली. मुली शाळेत का येत नाहीत? कारण कडेवर धाकटं भावंड असतं. मग भावंडासकट ये, असं विकासवाडी म्हणते. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई तिच्या वर्गात. घराची घडी न मोडता मुलीच्या कडेवरचा भार तेवढा वेळ उतरतो. कुरणशाळेत शाळा मुलाच्या कामापर्यंत गेली, विकासवाडीत तिनं ते काम मुलाच्या अंगावरून हळूहळू काढून घेतलं. या दोन ओळी एकत्र वाचल्या की दिशा स्पष्ट होते. मूल जिथे आहे तिथे जायचं, पण त्याला तिथेच ठेवायला जायचं नाही.

हीच या साऱ्या रचनेची मध्यवर्ती जाणीव. उपक्रमाचं मोल त्यातल्या साहित्यावर किंवा देखणेपणावर ठरत नाही, तो कोणत्या दिशेनं चालतो त्यावर ठरतं. शाळा मुलाकडे सरकते आहे, की मुलानं पुन्हा एकदा शाळेकडे सरकावं असं त्याला सांगितलं जात आहे? अंगण, गाडगी-मडकी, कुरण, पाळणाघर या चारही गोष्टींत पाऊल शाळेनं उचललं आहे.

हे पाऊल उचलायला शिक्षकाकडे काय असावं लागतं, तेही अनुताईंच्या आयुष्यात दिसतं. कोसबाडला वारली मुलांमध्ये काम चालू असताना, १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी. ए. झाल्या. पदवीनं त्यांचं काम वाढणार नव्हतं. त्यांना शिकायचं होतं, एवढंच. शिक्षक स्वतः विद्यार्थी असेल तरच मुलाकडून शिकायला त्याला कमीपणा वाटत नाही. ताराबाईंच्या १९७३ मधल्या निधनानंतर अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे नेलं. त्यांनी ‘बालवाडी कशी चालवावी’ सारखी कार्यकर्त्यांच्या हाती देण्याजोगी पुस्तकं लिहिली आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मध्ये आपल्या कामाची कहाणी सांगितली. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल संस्था उभी केली, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. एका वयानंतर माणसं केलेल्या कामाची राखण करतात. अनुताई त्या वयातही नवीन पाड्यावर जाऊन पहिल्यापासून सुरुवात करत होत्या.

जगातल्या इतर प्रयोगांशेजारी ठेवून पाहिलं की या कृतीचं वेगळेपण आणखी उठून दिसतं. महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली. तिच्यात हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा होता. सूत कातताना गणित, भूगोल, अर्थशास्त्र शिकायचं. तिथे शाळा मुलाला एक उद्योग देते. कुरणशाळेत उद्योग आधीच मुलाच्या गळ्यात पडलेला आहे आणि शाळा त्यातून त्याला वाट काढून देते. ‘तोत्तोचान’ हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोचलं आहे. त्यातली सोसाकु कोबायाशी यांची तोमोए शाळा १९३७ साली टोकियोत रेल्वेच्या डब्यांमध्ये भरू लागली. तिथे शेतकरी शेतीचा गुरुजी म्हणून येई आणि सकाळी कोणता विषय आधी घ्यायचा ते मुलं ठरवत. त्या शाळेवर जीव जडतो. पण तोमोएला एक जागा होती, आणि आईचा हात धरून तिथवर येणारं मूल होतं. १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली. त्याच वर्षी हजारो मैलांवर बोर्डीत जी शाळा सुरू झाली तिला पुढे जागाच नको होती. जी शाळा एका इमारतीत नाही, ती मूल जिथे असेल तिथे भरू शकते.

या रचनेचा एक धागा साऱ्या देशात पसरला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटलं गेलं. आज वाडी-वस्तीवर अंगणवाडी आहे. आहार, लसीकरण, वजन यांमुळे किती बाळं जगली, त्याचं श्रेय त्या सेविकांना मनापासून द्यायला हवं. त्या कामाच्या रेट्यात आणि नोंदवह्यांच्या ओझ्याखाली शंख-शिंपल्यांचा, गाण्यांचा, हातांनी शिकण्याचा भाग अनेक ठिकाणी मागे पडला, हीही खरी गोष्ट. मूळ रचनेत आंघोळ, खाऊ आणि बिया मोजणं हे एकाच सकाळचे भाग होते. ते पुन्हा जोडायचे असतील तर सेविकेच्या हातचं कागदकाम कमी व्हायला हवं.

ही कसोटी घेऊन आता, अनुताईंनी जिथून सुरुवात केली त्या चांदवडला यावं. आजच्या चांदवड तालुक्यातल्या मुलाच्या हातात काय आहे? त्याच्या हातात कांदा आहे. गादीवाफ्यावरचं रोप, लागवड, खुरपणी, काढणी, पात कापणं, निवडणं, चाळीत भरणं, बाजार समितीतला लिलाव. लागवड-काढणीच्या हंगामात शेतमजुरांच्या मुलांची हजेरी पातळ होते, हे ग्रामीण शिक्षकाला सांगावं लागत नाही. हजेरीपटावर ही गैरहजेरी दिसते, पण त्या दिवसांत ते मूल जे पाहतं-करतं ते कुठेच नोंदलं जात नाही.

आता दोन प्रकल्प शेजारी ठेवू. एकात मुलं ‘आपली पिके’ हा विषय घेतात. दुकानातून चित्रांचा तक्ता आणतात, कापून वहीत चिकटवतात, खाली सुवाच्य अक्षरात माहिती उतरवतात. हाताला काम मिळालं, वही देखणी झाली. दुसऱ्या प्रकल्पात शाळा उघडताच जूनमध्ये मुलं दहा किलो उन्हाळ कांदा निवडून शाळेतल्या हवेशीर कोपऱ्यात, एका जाळीदार क्रेटमध्ये ठेवतात. दर सोमवारी वजन करायचं, सडलेला कांदा बाजूला काढायचा, कोंब फुटलेले मोजायचे, त्या दिवशीचा बाजारभाव लिहायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांच्याकडे एक आलेख तयार होतो. वजन किती घटलं, भाव किती चढला किंवा उतरला आणि जूनमध्ये विकलं असतं तर हातात काय पडलं असतं. टक्केवारी, सरासरी, आलेख, बाष्पीभवन, बुरशी, हवा खेळण्याचं महत्त्व हे सगळे पाठ त्या क्रेटमध्ये आहेत. विकायचं की साठवायचं, हा प्रश्न तर घरोघरी रात्री जेवताना बोलला जातो.

अशा वर्गात जाणतं कोण होतं? कांद्याची चाळ कशी बांधतात, तळाशी हवा का खेळती ठेवतात, लहान कांदा म्हणजे गोल्टी वेगळी का काढतात, हे सांगायला एखादा पालक येतो. कांदा निवडायच्या कामावर जाणारी आई शाळेत येते आणि कोणता कांदा टिकेल हे नुसत्या बोटांनी चाचपून मुलांना दाखवते. तिला लिहिता येत नसेल, पण त्या दिवशी त्या वर्गाची बाई ती असते. हंगामात आठ दिवस गैरहजर राहिलेलं तिचं मूल परत येतं तेव्हा त्याच्या गैरहजेरीवर बोट ठेवलं जात नाही. त्यानं काय पाहिलं ते त्याला विचारलं जातं. सगळा वर्ग ऐकतो. कुरणशाळेत जे घडलं ते इथे चार भिंतींत घडतं.

पाण्याचंही असंच. नाशिकच्या पूर्व भागाला टंचाई नवी नाही. दोरीला गाठी मारून गावातल्या विहिरींची पातळी मुलं महिन्यातून एकदा मोजतील आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितील, तर वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरण्याचा दिवस केवळ छायाचित्राचा राहणार नाही. बंधाऱ्यानंतर शेजारची विहीर किती दिवस जास्त टिकली, हे सांगणारा आकडा मुलांकडे असेल. तो आकडा गाव वाचेल. शाळेनं गावाला द्यावं असं काही असतं ते हेच, गावाचं स्वतःबद्दलचं ज्ञान नेटकं मांडून गावाच्या हाती देणं. रंगमहालाची लांबी-रुंदी मोजणं, चांदवडी रुपयाची चौकशी आजी-आजोबांकडे करणं, डोंगरावरच्या झाडांची गावातली नावं गोळा करणं, या साऱ्याला पैसा लागत नाही. शिक्षकाला उठून चार पावलं जावं लागतं आणि आपल्याला ठाऊक नसलेलं विचारावं लागतं.

असं काम करणारे शिक्षक आजही आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून, संस्थांच्या शाळांतून ते आहेत. अर्ज, माहिती, प्रशिक्षणं आणि बैठका यांतून वेळ काढून ते मुलांना ओढ्यावर नेतात, बाजारात नेतात, आजीच्या पुढ्यात बसवतात. त्यांच्या कामाचं कौतुक करायचं तर ते उपक्रमांच्या संख्येनं करू नये. वर्षभरात किती उपक्रम झाले, हा प्रश्न अहवालाचा आहे. रसिकाचा प्रश्न वेगळा असतो. या उपक्रमात मुलाच्या आयुष्यातली कोणती खरी गोष्ट वर्गात आली? जे मूल एरवी मागच्या बाकावर गप्प असतं, ते आज कशाबद्दल बोललं? आणि शिक्षकाला मुलाकडून काय कळलं?

अनुताईंच्या कामाचं अनुकरण करायला कुरण लागत नाही, कारण त्यांचा प्रयोग कुरणाचा नव्हताच. वर्गात कोण नाही आणि ते का नाही, हे विचारण्याचा आणि मिळालेल्या उत्तराच्या दिशेनं शाळा हलवण्याचा तो प्रयोग होता. पुढच्या सत्रासाठी प्रकल्पांची यादी करायला बसलेल्या शिक्षकानं विषय निवडण्याआधी हजेरीपट उघडावा. ज्या नावापुढे सर्वांत जास्त रिकाम्या चौकटी आहेत, ते मूल त्या दिवसांत कुठे असतं आणि तिथे त्याच्या हातांना काय येतं, एवढं शोधून काढावं. वर्षाचा पहिला प्रकल्प तिथूनच सुरू करावा.